दुर्बीण आधी कपाटातून काढा

पत्र : मुलीने मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा ४१२, यंदा ४६८. तिसऱ्यांदा बसवायचं मी ठरवलं आहे. पण ऐन एप्रिलात, परीक्षा तोंडावर असताना, ती बाल्कनीतल्या बुलबुलाच्या घरट्यापुढे वही घेऊन बसायची. शेवटी दुर्बीण मी कपाटात घालून कुलूप लावलं. वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवतो, म्हणजे वेळ कसा वाया गेला ते कळेल. आता म्हणते, पक्ष्यांवरच शिकायचंय, आणि त्यात गणितही नाही. स्कोप काय त्यात? शेवटी शाळेत मास्तरीणच ना? तिचं मन अभ्यासात कसं आणावं?
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी ठरवलं, मी कुलूप लावलं, मी पाठवतो. मुलीचं त्यात एकच वाक्य आहे, तेही तक्रार म्हणून आलेलं. डॉक्टर व्हायचंय का, हे तिला गेल्या दोन वर्षांत कुणी विचारलं का? वर्षभर खपून ५६ गुण वाढले, पण तिला व्हायचंच नसेल तर ५६ काय आणि १५६ काय! आणि वहीचे फोटो तिला विचारून काढलेत का? नसतील, तर आज जेवताना तिला तसं सांगून टाका. वीस वर्षांच्या मुलीची वही आहे ती, पहिलीतल्या पोरीची पाटी नव्हे.

फोटो तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेत. मी ते वाचत बसले. मधुमालतीच्या वेलात घरटं. ९, १० आणि ११ एप्रिलला रोज सकाळी एकेक अंडं. मादी बसायला लागली ती १० तारखेपासून, म्हणजे तिसरं अंडं यायच्या आधीच. २३ तारखेला दोन पिल्लं, २४ला तिसरं, ते लहान. २८ला तिसरं मेलं. शेजारी तिने लिहिलंय, ‘ती एक दिवस थांबून बसली असती तर तिघं एकदम निघाली असती. मग थांबली का नाही?’

काका, हा टाइमपास नाही. अंड्यातला गर्भ ऊब मिळाल्याशिवाय नीट वाढीला लागत नाही. म्हणून पिल्लं एकदम निघणार की मागेपुढे, हे मादी कधी बसते त्यावर ठरतं. हा प्रश्न डेव्हिड लॅक नावाच्या इंग्रज पक्षी-अभ्यासकालाही पडला होता. त्याचं म्हणणं असं, की यंदा किडे-अळ्या भरपूर मिळतील की नाही हे मादीला आधी कळत नाही. मग एक पिल्लू मागे ठेवायचं. साल चांगलं गेलं तर तिन्ही जगतात. वाईट गेलं तर धाकटं लवकर जातं आणि उरलेली दोन उपाशी राहत नाहीत. ऐकायला क्रूर वाटतं, पण हिशेब पक्का आहे. सगळ्यांना तो पटलेला नाही. काहींच्या मते भीती शिकाऱ्याची असते, पिल्लं जितकी लवकर घरट्याबाहेर पडतील तितकं बरं. आणखी एक मत तर बडोद्याच्या एप्रिलला चपखल बसतं : अशा उकाड्यात नुसतं पडलेलं अंडं अर्धवट तापतं, गर्भ वेडावाकडा वाढू लागतो, म्हणून मादीला थांबून चालत नाही. तुमच्या बाल्कनीत यातलं खरं कारण कोणतं? एका घरट्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

गैरसमज नेमका इथे आहे, आणि तो तुमचा नाही, तिचा आहे. ‘बी ग्रुप (बारावीला गणिताऐवजी जीवशास्त्र) घेतला, गणित सुटलं, आता पक्षी बघायचे.’ नाही गं बाळ! एक घरटं ही गोष्ट झाली. साठ घरटी बघायची, काही सावलीतली, काही उन्हातली, कुठे दोन अंडी, कुठे तीन. मग लहान पिल्लू मेलं ते भुकेने, उन्हाने की निव्वळ योगायोगाने, हे वेगळं करायचं. ते काम संख्याशास्त्राचं आहे. या क्षेत्रात संगणकासमोर बसण्याचे तास दुर्बिणीमागच्या तासांपेक्षा बहुधा जास्तच भरतात. आयसरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या, प्रवेश परीक्षेतही चौथा हिस्सा प्रश्न गणिताचे असतात. तेव्हा अकरावीचं गणिताचं पुस्तक कुणाकडून तरी मागून आण आणि संभाव्यतेच्या धड्यापासून सुरुवात कर. (आणि घरट्यात डोकावताना पानं बाजूला सारत जाऊ नकोस. कावळा तेवढ्याचीच वाट बघत असतो.)

रस्ते थोडक्यात. आयसरची परीक्षा, तिथे बारावी कोणत्या साली झाली याची अट असते, ती आधी बघा, कारण आणखी एक ड्रॉप घेतलात तर हे दार बंद होऊ शकतं. नाहीतर इथेच सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्रात बीएससी, आणि मग देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रात वन्यजीवांवरची एमएससी. जागा मोजक्या, स्पर्धा कडक.

पैशांचं खोटं सांगणार नाही. पीएचडी करताना ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, ती मिळवावी लागते. कायमची नोकरी तिशी ओलांडल्यावर, तीही मिळाली तर. हे तिला आत्ताच माहीत असू दे. ऐकूनही ती बुलबुलच म्हणाली, तर तुमचा स्कोपचा प्रश्न तिने स्वतः सोडवला असं समजा.

आणि ‘शाळेत मास्तरीण’. वर ज्या लॅकचा विचार सांगितला, तो इंग्लंडमध्ये डार्टिंग्टनच्या शाळेत मास्तरच होता. ती नोकरी करतानाच रॉबिन पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घालून कोण कुठे राहतो, कुणाशी जोडी जमवतो, हे त्याने वर्षानुवर्षं टिपलं. पुढे १९४५ साली तो ऑक्सफर्डच्या पक्षी-संशोधन संस्थेचा प्रमुख झाला. १९४७मध्ये त्याने ऑक्सफर्डजवळच्या विथॅमच्या जंगलात टिट पक्ष्यांची (आपल्या राखी वल्गुलीचे हे विलायती भाऊबंद) घरटी मोजायला घेतली, ते काम अजून चालू आहे. तुमची मुलगी लॅक होईल असं मी म्हणत नाही. पण मास्तरीण हा शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिलाय, तो मला आवडला नाही.

मन अभ्यासात कसं आणावं, याचं उत्तर मी देणार नाही. तिचं मन अभ्यासातच आहे. कपाटाची किल्ली तिला द्या, बुलबुल पावसाळ्यातही घरटी करतात. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. वहीची बाकीची पानं ती दाखवणार असेल, तर मला बघायची आहेत.