वर्गात सगळ्यात बुटका असलेला मुलगा बॉक्सर होऊ शकतो का?

तुम्ही विचारलंय की मुलगा आठवीत आहे, वर्गात सगळ्यात बुटका, वजन ३८ किलो, आणि बॉक्सिंगच शिकायचं म्हणून हटून बसलाय. एवढ्याशा चणीचा कुणी खरंच मोठा बॉक्सर झालाय का?

झालाय. आणि त्याची गोष्ट मला फार जवळची आहे, त्यामुळे उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

त्याचं नाव जिमी वाइल्ड. जन्म १८९२ चा, वेल्समधला. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. त्यातला फ्लायवेट म्हणजे ११२ पौंडांपर्यंतचा, आपल्या हिशेबाने ५०.८ किलोंपर्यंतचा गट. त्या गटाचा तो पहिला जगज्जेता. पण तो स्वतः तेवढाही भरत नसे. ऐन उमेदीतसुद्धा ४९ किलोंच्या वर क्वचितच गेला, आणि कितीतरी लढती ४५ च्या आसपास वजनावर खेळला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, हातपाय काडीसारखे. जुना फोटो पाहिलात तर वाटेल, याला आधी पोटभर जेवू घाला.

तो कोळसा खाणीतला पोरगा. र्‍होंडा खोऱ्यातल्या टायलर्सटाउनला कोवळ्या वयात खाणीत उतरला. मोठ्या माणसाला जिथे शिरता येत नाही अशा अरुंद फटींत त्याला सरपटत पाठवत. तिथे अंग दुमडून कोळसा फोडायचा. हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. बल्लारपूरकडच्या भूमिगत खादानीत त्यांनी उभी हयात काढली. पाळीवरून येऊन दोन बादल्या पाण्याने अंघोळ केली तरी पापण्यांच्या कडेला काळी रेघ राहायचीच, काजळ घातल्यासारखी. आई खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची, तरी ती पुरती जायची नाही. वाइल्डच्या ठोशातला जोर कुठून आला यावर लोकांनी खूप लिहिलंय. मला विचाराल तर तो त्या फटींतून आला. ज्याला हात मागे खेचायला जागाच नाही, त्याला वीतभर अंतरातून पूर्ण ताकद काढावी लागते.

त्याचा सासरा डाय डेव्हिस हाही खाणकामगार, हातमोजे न घालता उघड्या मुठींनी लढलेला गडी. पहिले धडे त्याच्याकडचे. मग वाइल्ड जत्रेतल्या बॉक्सिंगच्या तंबूंत लढू लागला. आपल्याकडे यात्रेत इनामी दंगल असते ना, तसंच काहीसं. कुणीही पुढे यावं, जोड लागली की भिडावं. समोरचे बहुतेक त्याच्याहून पुष्कळ जड. तो हात खाली, कमरेशी सोडून उभा राहायचा, नुसता डुलायचा, आणि समोरच्याचा ठोसा हवेत गेला की आत घुसायचा. ‘हातात हातोडा घेतलेलं भूत’ हे त्याचं टोपणनाव आजतागायत चालत आलंय.

१९१६ साली फेब्रुवारीत त्याने ब्रिटिश किताब घेतला, जूनमध्ये टॅन्सी ली या जुन्या शत्रूचा हिशेब चुकता केला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या यंग झुलू किडला अकराव्या फेरीत थांबवून जगज्जेता झाला. जिंकण्याबद्दल एवढं पुरे. तुमच्या कामाचा भाग त्याच्या हरण्यात आहे.

पहिली हार १९१५ ची, याच लीकडून, सतराव्या फेरीत. वाइल्डला त्या वेळी फ्लू झालेला होता, तरी तो उतरला. दुसरी मोठी हार जानेवारी १९२१ ची, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये. समोर पीट हर्मन, वरच्या गटाचा माजी जगज्जेता आणि कित्येक किलोंनी जड. वजनावरून वाद झाला, वाइल्ड लढायला तयारच नव्हता. पण ब्रिटनचा युवराज बघायला आलाय, त्याचा विरस होईल, असं म्हणून त्याला राजी केलं. सतराव्या फेरीत तो पार लोळागोळा झाला तेव्हा पंचांनी लढत थांबवली. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ तो लढलाच नाही, आणि जून १९२३ मध्ये न्यूयॉर्कला पांचो विया या फिलिपिनो पोरासमोर उभा राहिला. सातव्या फेरीत आडवा झाला, तो शेवटचा. विया तर वाइल्डहूनही बुटका होता, पाच फूट एक इंच!

म्हणजे बघा, उंचीने त्याला कधीच हरवलं नाही. तापाने हरवलं, जास्तीच्या किलोंनी हरवलं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मोठ्या माणसाच्या भिडेने हरवलं.

ही भीड मला ठाऊक आहे. भद्रावती तालुक्यातल्या आमच्या गावात मी पंधरा-वीस पोरांना बॉक्सिंग शिकवतो. खताच्या पोत्यात चिंध्या आणि रेती भरून कडुनिंबाला टांगलंय, तीच आमची बॅग. वजन करायला कापूस तोलायचा काटा. त्यात एक पोरगा होता, चिमणीएवढा. पहिल्या दिवशी त्याचा बाप म्हणाला, “सर, याले काय जमन जी?” पण त्या पोराचे पाय वाऱ्यासारखे चालायचे. एका स्पर्धेत त्याच्या गटातला प्रतिस्पर्धी आलाच नाही. आयोजक म्हणाले, एक पोरगा आहे, थोडा जड आहे, लढवा, लोक वाट बघताहेत. गावातून टेम्पो भरून माणसं आली होती, सरपंच समोर खुर्चीत. माझा पोरगा ४१ किलोंचा, तो ४८ चा. पोरगा म्हणाला, “लढतो ना सर, काय होते?” आणि मी हो म्हटलं. दुसऱ्या फेरीत त्याच्या बरगडीवर असा ठोसा बसला की श्वास घेताना त्याचं तोंड नुसतं उघडत होतं, आवाज नव्हता. मी रिंगमध्ये टॉवेल टाकून लढत थांबवली, पण उशिरा. पुढे आठ महिने तो पोत्याजवळ फिरकला नाही. चूक त्याची नव्हती, आयोजकांचीही नव्हती. नाही म्हणणं माझं काम होतं.

मेरी कोमचंच घ्या. सहा जागतिक सुवर्णपदकं तिने ४५ ते ४८ किलोंच्या गटांत मिळवली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सगळ्यात हलका गट ५१ चा होता, म्हणून तिला वर चढावं लागलं आणि पदक आलं कांस्य. तिच्यासारखीलाही ते तीन किलो जड गेले.

म्हणून मुलाला जरूर पाठवा. उंची मोजत बसू नका. त्याच्याच गटात बुटकी पोरं खूप भेटतील, आणि उंच पण किडकिडीत पोरंही भेटतील. त्यांच्या आत कसं शिरायचं हे शिकवणारा माणूस शोधा. पहिले काही महिने लढत नको, पाय आणि बचाव तेवढा पक्का होऊ द्या. अंगात ताप असेल तर रिंगमध्ये नको. वजन घटवायला उपाशी ठेवायला सांगणारा शिक्षक असेल तर तिथून मुलाला काढा, हे वाढीचं वय आहे. आणि प्रत्येक लढतीआधी दोन्ही पोरांचं वजन तुमच्या समोर होऊ द्या. “थोडाच फरक आहे” असं कुणी म्हणालं, मग समोर कुणीही बसलेलं असो, मुलाच्या हातातले ग्लोव्ह्ज काढा.

आमचा तो पोरगा परत आला, आता ४६ किलोंचा आहे. ज्या दिवशी आला त्या दिवशी बापही सोबत होता. पोरगा काट्यावर चढला तसा बाप मला बाजूला सारून पुढे वाकला, म्हणाला, “आता आकडा मी वाचतो सर.” तेव्हापासून दर स्पर्धेला तोच वाचतो.