एकच सडक, एकच गाडी आणि मागे लागलेला तो

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फाट्यापर्यंत पायी आणि तिथून एसटीने रोज तालुक्याला जाते. बारावीत माझ्या वर्गात असलेला एक मुलगा वर्षभरापासून मागे लागलाय. नाही म्हटलं तरी वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करतो, फाट्यावर मोटरसायकल लावून उभा असतो. गॅदरिंगमधला माझा फोटो टाकून कोणीतरी इन्स्टाग्रामवर माझ्या नावाने खातं काढलंय. मागच्या आठवड्यात तो घरी येऊन आईला प्यायला पाणी मागून गेला. घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल, आणि दादा रागीट आहे. नंबर बदलू का? की एकदा भेटून नीट समजावून सांगू?

उत्तर :

पोरी, तुझ्या पत्रातल्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत, त्यामुळे काळजी करू नको.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. भेटू नको. एकदाही नाही, मैत्रिणीला सोबत घेऊनही नाही. वर्षभर पिच्छा पुरवला की ही भेटते, एवढंच तो त्या भेटीतून शिकेल. त्याऐवजी त्याला एकच मेसेज लिहून पाठव : ‘मला तुझ्याशी कोणताही संबंध ठेवायचा नाही. मला फोन, मेसेज करू नको, माझ्या मागे येऊ नको.’ घरचे रागावतात, लग्न ठरलंय, अभ्यास आहे, असली कारणं देऊ नको. कारण दिलं की तो त्यावर वाद घालत बसतो. हा मेसेज गेल्यानंतर तुझ्याकडून एक अक्षरही जायला नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे जाणं, वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे. तो लेखी नकार तुझ्या हातात असू दे.

पत्रातली पाण्याची गोष्ट मी दोनदा वाचली. दारात येऊन पाणी मागणाऱ्याला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही, हे त्याला ठाऊक आहे. मी तुझ्या घरात येऊ शकतो, एवढंच त्याला दाखवायचं होतं. म्हणून आता घरी सांगायला उशीर करू नको.

शहरातला कोणी तुला सांगेल, रोज रस्ता बदल, वेळ बदल. तुझ्याकडे फाट्याची एकच सडक आणि सकाळची एकच गाडी. ती चुकली की कॉलेज बुडालं. त्यात आता दोन्ही बाजूंना तुरी डोक्यावर गेल्या असतील. तुला वेळ बदलता येणार नाही, पण सोबत बदलता येईल. फाट्यापर्यंत जाणाऱ्या पोरी, वावरात निघालेल्या मजूर बाया, दूध घालायला जाणारे काका, यांच्यातल्या कोणासोबत तरी रोज निघायचं. गाडीत कंडक्टरजवळ बसायचं आणि त्याला सांगून ठेवायचं. संध्याकाळी गाडीत बसलीस की घरी फोन करायचा, म्हणजे कोणीतरी फाट्यावर उभं राहील. घरच्यांशी एक वाक्य ठरवून ठेव. ‘दळण आणायचं आहे का?’ असं तू फोनवर विचारलंस की त्यांनी काही न विचारता निघायचं.

आता माहिती गळते कुठून, ते बघ. खेड्यात ती बहुतेक वेळा भोळ्या माणसांच्या तोंडून गळते. गल्लीतल्या पोराला चॉकलेट देऊन विचारलं की ते सांगतं, ताई आज मामाच्या गावाला गेली. पानठेल्यावर रिचार्ज करताना नंबर चारचौघांत मोठ्याने सांगावा लागतो. कॉलेजच्या ग्रुपवर प्रॅक्टिकलची वेळ पडते आणि त्या ग्रुपात त्याचा एखादा दोस्त असतो. मैत्रीण बसमधला फोटो स्टेटसला ठेवते. आठवडाभर एका कागदावर लिही : त्याला काय कळलं, ते कोणाकोणाला माहीत होतं. दोन-तीन नावं आपोआप वर येतील. त्यांच्यावर चिडू नको, फक्त त्यांच्याकडे जाणारी माहिती थांबव. रिचार्ज यूपीआयने कर. झेरॉक्सवाल्याकडे आधारची जास्तीची प्रत ठेवू नको. मैत्रिणींना स्पष्ट सांग, मी आत्ता कुठे आहे ते टाकायचं नाही.

फोनचं काम तासाभराचं आहे. व्हॉट्सॲपमध्ये फोटो, लास्ट सीन आणि स्टेटस फक्त आपल्या माणसांना दिसेल असं कर. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघड; ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर आधी स्क्रीनशॉट, मग लॉगआउट. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग तपास. जीमेलचा पासवर्ड बदल. फोन कधी दुरुस्तीला दिला असशील, तर हे सगळं आजच कर.

नंबर बदल, पण जुना फेकू नको. नवं सिम घे, ते घरच्यांना आणि मोजक्या मैत्रिणींनाच दे. जुनं सिम एखाद्या साध्या फोनमध्ये चालू राहू दे आणि तो फोन घरातल्या मोठ्या माणसाकडे ठेव. येणारा प्रत्येक फोन हा पुरावा आहे. काही डिलीट करायचं नाही. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ आणि एका वहीत तारखेनुसार लिहीत जा : कुठे उभा होता, गाडीचा नंबर काय, कोणी पाहिलं. ज्या फोनवर जुने मेसेज आलेत तोही जपून ठेव, विकू नको. खोट्या खात्याचेही स्क्रीनशॉट आणि लिंक आधी जपून ठेव, मग इन्स्टाग्रामवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर.

घरी सांगताना आधी आईला सांग, आणि वही हातात असू दे. जमलं तर कॉलेजमधल्या एखाद्या मॅडमना सोबत आण. त्या घरी आल्या की कॉलेज बंद करण्याची भाषा जरा मागे पडते. बाबा घाबरतील. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला ओळखीच्याच माणसाने भर रस्त्यात पेटवलं, ते आपल्या भागातले आईबाप विसरलेले नाहीत. त्यांची भीती खरी आहे. पण तुला घरात बसवल्याने तो थांबत नाही, तो तर दारापर्यंत येऊन गेलाच आहे. दादाला शेवटी सांग, आई-बाबांच्या समोर. त्याने हात उचलला तर गुन्हा दादावर दाखल होईल आणि तुझी तक्रार मागे पडेल. त्याला काम दे : फाट्यावर सोडायचं, आणायचं, जुना फोन सांभाळायचा.

गावात बोभाटा झाला की तंटामुक्तीवाले, सरपंच समेटाला येतील. त्याला चारचौघांत माफी मागायला लावतील, एखादा म्हणेल राखी बांध आणि मिटव. याला तयार होऊ नका. पोलीस पाटलांच्या कानावर मात्र जरूर घाला.

ठाण्यात आई-बाबांसोबत जा. तिथे बहुधा ‘एनसी लिहून घेतो’ म्हणतील, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. कलम ७८ चा गुन्हा दखलपात्र आहे, एफआयआरच मागायची, आणि तुझी माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाणेदारांनी टाळलं तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो. वकील लागला तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. या गुन्ह्याला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो जामीनपात्र आहे. तो त्याच दिवशी सुटून गावात दिसू शकतो, आणि तक्रारीनंतरचे काही आठवडे तो जास्त चिडलेला असू शकतो. म्हणून सोबत, फोन, फाट्यावरचं माणूस, हे सगळं तक्रारीच्या आधी बसवून घे. त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचा बाँड घ्या, असं अर्जातच लिहा. त्या दिवसांत अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवा, एकटीने मागच्या दारी जाऊ नको. फोनमध्ये ११२ कसा पटकन लागतो ते बघून ठेव. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा दाबून लागतो, सेटिंगमध्ये ते सुरू आहे का तपास. त्याने अडवलं, गाडी आडवी घातली, हातात काही दिसलं, तर मेसेज लिहीत बसू नको. माणसं असतील तिकडे पळ, ओरड, ११२ लाव.

आज रात्री आईशी बोल. बाबा वावरातून यायच्या आधी, चुलीपाशी दोघीच असाल तेव्हा. सुरुवात त्या पाण्यापासून कर, तो चेहरा आईने पाहिलेला आहे.

तुझी,
ताई