डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या मोहिमेसाठी, खऱ्या प्रदेशाचा नकाशा उचलला तर चालतो का? खेळाडू ओळखत नाहीत का?

चालतो. पळतो. आणि ओळखायचं म्हणाल, तर आमच्या टेबलावर एका अस्सल सांगलीकराने स्वतःची कृष्णा ओळखली नव्हती. तुमचे खेळाडू काय डोंबल ओळखणार!

झालं असं की मी महाबळेश्वरच्या आसपासचा सह्याद्री जसाच्या तसा घेतला होता. डावीकडे खाली कोकणपट्टी, मध्ये घाटमाथा, उजवीकडे देश. फक्त नावं बदलली. पहिल्याच बैठकीत नकाशा टेबलावर पसरला, कॅरेक्टर शीट (आपापल्या पात्राच्या माहितीचा कागद) अजून भरून व्हायची होती, आणि या गृहस्थांनी नदीवर बोट ठेवलं. "ही चुकलीये." का बुवा? तर म्हणे, नदी उगम पावते तिथून डावीकडचा समुद्र सहा-सात षटकोनांवर (नकाशावर अंतर मोजायची घरं) आहे, आणि ही बया त्याच्याकडे पाठ करून उजवीकडे थेट नकाशाबाहेर जाते. "फँटसी असली म्हणून काय झालं, काहीतरी लॉजिक नको? पाणी जवळचा समुद्र सोडून लांब कशाला जाईल?"

नकाशे कसे काढावेत याचे व्हिडिओ बघून आलेला माणूस. नदीला फाटे फुटत नाहीत, नदी जवळच्या समुद्राला मिळते, वगैरे नियम तोंडपाठ. मी म्हटलं, बाबा रे, पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं हे तुमचं अख्खं गाव बघत असतं, ते पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? कृष्णा उगम पावते ती अरबी समुद्रापासून जेमतेम 64 किलोमीटरवर. तिथून सुमारे 1400 किलोमीटर चालून ती बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच क्षेत्र महाबळेश्वरात उगम सांगतात ती सावित्री मात्र पश्चिमेला कडा उतरून बाणकोटला समुद्र गाठते. जवळचा समुद्र हवा असेल तर ती घे.

यावर साहेबांचं उत्तर: "खरं असेल, पण नकाशावर खोटं वाटतं."

हे वाक्य मला आजही चावतं. पाण्याला समुद्र किती लांब आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला उतार कळतो. दख्खनचं पठार पूर्वेला कललेलं आहे आणि त्याची सगळ्यात उंच कड पश्चिम टोकाला, समुद्राच्या अंगाला आहे. त्यामुळे माथ्याच्या पलीकडे पडलेला थेंब पूर्वेला जाणार, मग समुद्र मागे कितीही जवळ असो. जनरेटरमधून, म्हणजे आपोआप नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढलेल्या नकाशात असली कड क्वचितच सापडते. तिथे डोंगर मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखा उतार, नद्या आज्ञाधारक. दिसायला सुंदर आणि खेळायला मिळमिळीत.

कड असली की खेळ आपोआप उभा राहतो. वरून खाली कोकण दिसतंय, पण उतरायचं तर घाटवाटेनेच. वाटा मोजक्या, म्हणून प्रत्येक वाटेवर कोणीतरी बसलेला. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणारा नाणेघाट बघा: सातवाहनांचा लेख कोरलेली गुहा, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, आणि आसपास जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी. हे कुठल्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) बसून रचलेलं नाही, जमिनीनेच ते तसं करायला लावलं. किंवा उंबरखिंड घ्या. 2 फेब्रुवारी 1661 ला मुघल सरदार कारतलबखान फौजफाटा घेऊन कुरवंड्याच्या बाजूने कोकणात उतरत होता. अरुंद वाट, दोन्हीकडे रान, वर शिवाजी महाराजांची माणसं. खानाला शरण यावं लागलं. मी हाच प्रसंग नावं बदलून ठेवला. आमच्या पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, सामानाच्या गाड्यांसकट खिंडीत उतरायचं ठरवलं. नियमपुस्तकात साध्या चालीने दिवसाला 24 मैल आणि अवघड वाटेवर निम्मे लिहिलेत म्हणून! सांगलीकर सगळ्यात पुढे होता. पुढचं सांगत नाही.

पावसाचंही तेच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात 500 च्या आसपास. एवढ्या थोडक्या षटकोनांत जंगल संपून माळरान लागतं. कोणी हरकत घेतलीच तर त्याला म्हसवडला पाठवा.

आता तुमच्या कामाचं. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे) घ्या, त्यात 1 सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यात आहे ते शीट उघडून बघा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना इतक्या खेटतात की तपकिरी पट्टाच होतो. तो पट्टा आधी ट्रेस करा, बाकीचं नंतर. क्यूजीआयएस (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर) येत असेल तर एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेला, 30 मीटरचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, त्यातून रेषा काढता येतात, पण त्यात कडे बोथट होतात. उभे कडे हातानेच काढावे लागतात. षटकोन 6 मैलांचा, म्हणजे ढोबळ 10 किलोमीटरचा ठेवा. कोकणपट्टी बहुतेक ठिकाणी 30 ते 60 किलोमीटर रुंद आहे, एका कॅम्पेनला पुरून उरते. ओळखू नये अशी फारच इच्छा असेल तर नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा करा, पण मग पावसाचा वाराही उलटा करा. नाहीतर जंगल कड्याच्या भलत्याच बाजूला उगवेल. नुसता 90 अंशात फिरवणारे हेच विसरतात.

हो, आणि तळी पुसा. सह्याद्रीतले जवळजवळ सगळे मोठे जलाशय धरणांचे आहेत: कोयना, मुळशी, भाटघर. महाबळेश्वरचा वेण्णा तलावसुद्धा बांधलेलाच. तलवारींच्या जगात शिवसागर (कोयनेचा जलाशय) ठेवलात तर तो बांधला कोणी, हेही सांगावं लागेल. उंचीच्या डेटात ही जागा सपाट दिसते, खालचं खोरं जुन्या नकाशांवरून अंदाजाने काढायचं. खऱ्या गावांच्या जागी राक्षसांच्या वस्त्या टाकू नका, निदान देवळं आणि आदिवासी पाडे तरी सोडा. आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) काही उचलून ते विकणार असाल तर श्रेय छापावं लागतं. घरी खेळायचं असेल तर कोणी विचारत नाही.