कोल्हापूरच्या पेठेत वारसा फेरी सुरू करताय? आधी गल्लीला विचारा

पाहुण्यांना जुने वाडे, तालमी आणि कारागीर चालत दाखवायची कल्पना उत्तम आहे, नक्की करा. फक्त मार्ग आखण्याआधी पेठेतल्या तालीम मंडळात, म्हणजे कुस्तीच्या तालमीभोवती जमलेल्या गल्लीच्या मंडळात, जाऊन बसा. कुठली गल्ली चालेल, कुठला वाडा नको, हे तिथली माणसं ठरवतील. नवखे लोक नकाशा छापून मग परवानगी मागतात आणि तिथंच विरोध सुरू होतो.

सुरुवातीला एवढंच पाळा:

- एका फेरीला दहा-बारा जण, चालत. गाड्या पेठेबाहेर. अरुंद बोळात वाहन अडकलं की रहिवाशांचा पाठिंबा पहिल्याच दिवशी जातो.
- मंगळवार, शुक्रवार, नवरात्र आणि किरणोत्सवात (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवस) अंबाबाई मंदिराचा परिसर टाळा. तेव्हा तिथं आधीच गर्दी असते.
- तालमीत सकाळी जायचं असेल तर वस्तादांना आदल्या दिवशी विचारा. चपला बाहेर, तांबड्या मातीत पाय नाही, मेहनत चालू असताना फोटो नाही.

पैशाचं मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. चप्पल कारागीर किंवा कुंभार तासभर काम थांबवून दाखवतो, त्याची मजुरी बुडते. पाहुणे खरेदी करतील या भरवशावर त्याला ठेवू नका; ठरलेलं मानधन जागेवरच द्या. माहिती सांगायलाही पेठेतलीच पोरं घ्या.

वेबसाइट, तिकिटं नंतर बघू. आधी महिन्याला दोनच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर गल्लीत जाऊन त्रास काय झाला ते विचारा.