माळढोक आणि तणमोर: एकाच कुलातले दोन पक्षी

प्रश्न: तणमोर म्हणजे माळढोकाचेच लहान पिल्लू, असे आमच्याकडे काहीजण सांगतात. हे खरे आहे का? दोन्ही पक्षी सारखेच दुर्मीळ आहेत का?

उत्तर: नाही, या दोन स्वतंत्र जाती आहेत. दोन्ही ओटिडिडी कुलातल्या असल्या, तरी माळढोक आर्डिओटिस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडतो, तर तणमोर ही सायफिओटायडिस प्रजातीतील एकमेव जात आहे. हे कुल पूर्वी क्रौंचांच्या गणात धरले जाई. आता त्याला स्वतंत्र गण मानतात.

माळढोकाचा नर माणसाच्या कमरेइतका उंच असतो, तर तणमोर साधारण कोंबडीएवढा असतो आणि त्याची मादी नरापेक्षा मोठी असते, हे विशेष. माळढोकाला दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा, खुरट्या गवताचा माळ लागतो. तणमोराला मात्र पावसाळ्यात वाढणारे उंच गवत हवे असते, कारण विणीच्या काळात नर त्या गवतातून वारंवार उंच उड्या मारून मादीचे लक्ष वेधून घेतो. एरवी तो सहसा दिसतच नाही.

आंतरराष्ट्रीय लाल यादीत, म्हणजे जीवजातींना असलेला नामशेष होण्याचा धोका नोंदवणाऱ्या यादीत, माळढोक 2011 पासून आणि तणमोर 2021 पासून ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे. मादी बहुधा एकच अंडे घालत असल्याने माळढोकाची संख्या फार सावकाश वाढते. त्यात उच्चदाबाच्या वीजतारांवर आदळून होणाऱ्या मृत्यूंची भर पडते. तणमोर तीन-चार अंडी घालतो, पण गवताळ रानांची शेते झाल्यावर ती घालायची कुठे, हा त्याचा खरा प्रश्न आहे.