‘संप’, ‘हडताळ’ आणि ‘टाळेबंदी’

बडोद्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, मुंबईहून आलेल्या मराठी वर्तमानपत्रातला ‘गिरणी कामगारांचा संप’ हा मथळा त्यांच्या गुजराती शेजाऱ्यांनी ‘कामगारांचा एकोपा’ असा वाचला. तेव्हा एकाच शब्दाचे दोन शेजारभाषांत इतके वेगळे अर्थ कसे, आणि आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत बोलला जाणारा ‘हडताळ’ हा शब्दच लिहिला तर काय बिघडते?

शेजाऱ्यांनी शब्दाचा गाभा बरोबर ओळखला आहे. गुजरातीत संप म्हणजे सलोखा, एकजूट. ‘संप त्यां जंप’, म्हणजे एकी तिथे शांतता, ही म्हण तिथे घरोघरी ऐकू येते आणि भाऊबंदकीला ‘कुसंप’ म्हणतात. मराठीत हा अर्थ वरवर दिसत नसला तरी तो लोपलेला नाही, हे संपाबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून कळते. संप फुटतो, मालकाची माणसे तो फोडतात, नव्या खात्यातले लोक त्यात सामील होतात. नुसते काम थांबणे फुटू शकत नाही. फुटते ती जूट. एकटा कामगार घरी बसला तर हजेरीपटावर त्याचा खाडा पडतो, त्याला कोणी संप म्हणत नाही. म्हणून माझ्या मते मराठीने अर्थ उलटा केलेला नाही. एकजुटीचे नाव तिने त्या एकजुटीने केलेल्या कृतीला दिले आहे.

कायद्यानेही नेमका हाच गाभा धरला. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येनुसार कामगारांच्या समूहाने संगनमताने काम थांबवणे किंवा समान समजुतीने काम करण्यास नकार देणे म्हणजे संप. 2020च्या औद्योगिक संबंध संहितेने तर निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही त्यात घातली. या संगनमताचीच राज्यकर्त्यांना आणि मालकांना पूर्वीपासून धास्ती होती. ब्रिटनमध्ये 1799 आणि 1800च्या कायद्यांनी कामगारांनी एकत्र येण्यावरच बंदी घातली होती व ती 1824मध्ये उठली. आपल्याकडे 1920-21मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या झगड्यात कामगार नेते बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला, कारण कामगारांना एकत्र करून काम सोडायला लावणे हा मालकाशी झालेल्या कराराचा भंग घडवणे ठरवता येत होते. त्यानंतर कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांनी 1921मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी लावून धरली आणि 1926च्या कायद्याने नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना व सभासदांना संघटनेच्या कायदेशीर उद्दिष्टांसाठी केलेल्या करारांबाबत फौजदारी कटाच्या आरोपापासून संरक्षण दिले. कामगारांची एकी हा कट नव्हे, हे कायद्याकडून वदवून घेण्यासाठी इतकी वर्षे लागली, आणि म्हणूनच या शब्दाबद्दल मला विशेष आस्था वाटते.

‘हडताळ’ किंवा ‘हरताळ’ हा शब्द बाजारातून आला आहे: हाटाला, म्हणजे पेठेला, ताळे लावणे. (नियमाला फासतात तो हरताळ वेगळा, ते अक्षरे खोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पिवळ्या द्रव्याचे नाव आहे.) जुलै 1908मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईत सहा दिवस गिरण्यांतल्या कामगारांनी काम थांबवले आणि कापडबाजारही बंद राहिला, त्यांपैकी पहिली कृती संपाची आणि दुसरी हरताळाची. दुकान बंद ठेवणाऱ्याचे स्वतःचे दुकान असते, कामगाराजवळ मात्र थांबवण्यासारखे केवळ स्वतःचे श्रम असतात. गुजराती आणि हिंदीने ‘हडताल’ दोन्हींसाठी वापरला, आणि त्या भाषांत तो शुद्धच आहे. मराठीत हा भेद दाखवणारे दोन शब्द असताना लिहिताना तो पुसू नये, असे मला वाटते.

तिसरा शब्द ‘टाळेबंदी’, म्हणजे मालकाने कारखाना बंद करून कामगारांना बाहेर ठेवणे, आणि तो जपणे मला सर्वांत निकडीचे वाटते. 1918च्या अहमदाबादच्या झगड्याला सरसकट ‘संप’ म्हटले जाते, पण प्लेगच्या साथीत कामगारांनी गिरणी सोडून जाऊ नये म्हणून दिला जाणारा ‘प्लेग बोनस’ बंद झाल्यावर सुरू झालेल्या त्या वादात 22 फेब्रुवारीला आधी मालकांनीच विणकरांना कुलूप लावून बाहेर ठेवले होते. मालक 20 टक्के वाढ देत होते आणि गांधीजींच्या सल्ल्याने कामगारांनी 35 टक्क्यांची मागणी ठरवली होती. 12 मार्चला 20 टक्के मान्य असणाऱ्यांसाठी गिरण्या उघडल्या आणि तरीही कामगार गेले नाहीत, तेव्हापासून तो खऱ्या अर्थाने संप झाला. त्यांच्या मिरवणुकीतील फलकांवर ‘एक टेक’, म्हणजे घेतलेली प्रतिज्ञा पाळा, असे लिहिलेले असे. गुजराती ‘संप’ आणि मराठी ‘संप’ तिथे एकाच रस्त्याने चालत होते. कुलूप कोणी लावले हे ‘टाळेबंदी’ या शब्दातून कळत असे. 2020मध्ये साथीच्या काळातील संचारावरील निर्बंधांनाही वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला, तेव्हापासून मालकाची जबाबदारी दाखवणारी त्याची धार बोथट झाली आहे. म्हणून कारखान्याबद्दल लिहिताना ‘मालकांनी केलेली टाळेबंदी’ असे स्पष्ट लिहावे.

आपण घरात बोलताना ‘हडताळ’ जरूर म्हणावे, तो बडोद्याच्या मराठीचा भाग आहे. मराठीत लिहिताना मात्र कामगारांनी काम थांबवले असेल तर ‘संप’ आणि पेठ बंद राहिली असेल तर ‘हरताळ’ लिहावे, आणि शेजाऱ्यांना तो मथळा गुजरातीत सांगताना ‘मिलकामदारोनी हडताळ’ असे सांगावे.