बँकॉक-क्राबीला जाताना विमान-हॉटेलव्यतिरिक्त छुपे खर्च कुठे निघतात?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच बँकॉक आणि क्राबीला चाललाय, विमान आणि हॉटेलचे पैसे भरून झालेत, मग आता खिसा आणखी कुठे कापला जाईल? मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला चांगलाच कापला गेलो, म्हणून सांगतो.

सगळ्यात मोठी गोम कार्डाच्या मशीनमध्ये आहे. बँकॉकच्या एका मॉलमध्ये मी बॅग घेतली, काउंटरवरच्या मुलीने मशीन पुढे केलं. पडद्यावर दोन आकडे, एक बाटमध्ये (थायलंडचं चलन) आणि एक रुपयांत. परक्या मुलखात आपला रुपया दिसला की बरं वाटतं. मी रुपयावर बोट ठेवलं. रात्री हिशेब मांडला तेव्हा कळलं की दर भलताच लागलाय. याला डीसीसी म्हणतात, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. रुपयांतला तो आकडा आपल्या बँकेचा नसतोच. मशीनमागची कंपनी आपला नफा चढवून तो काढते. शिवाय आपल्याकडच्या काही बँका परदेशातल्या दुकानात रुपयांत पैसे भरले म्हणून वेगळा आकार लावतात तो निराळाच. तेव्हा बाट, कायम बाट. कधी कधी दुकानदार न विचारताच रुपया दाबून मोकळा होतो. पावतीवर रुपये दिसले तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. मागे रांग असली तरी संकोचू नका, या प्रकाराचं सगळं यश आपल्या संकोचावरच तर चालतं.

बाट निवडलं तरी आपल्या बँकेचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार, असतोच. बऱ्याच साध्या कार्डांवर तो 3.5 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे एक लाखाच्या खर्चामागे 4,130 रुपये. मार्कअप नसलेली कार्डंही मिळतात. निघायच्या महिनाभर आधी चौकशी करा, आणि ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू आहे ना तेही बघा.

एटीएमचं गणित आणखी वाईट. परदेशी कार्डाला तिथल्या बँका दर खेपेला साधारण 220 बाट घेतात. 2,000 बाट काढले तर थेट 11 टक्के गेले! अगदीच वेळ आली तर एकदाच मोठी रक्कम काढा, आणि कन्व्हर्जनचं विचारलं तर 'विदाउट' दाबा. मी आता डॉलर रोख नेतो, 100 च्या नोटा, कारण छोट्या नोटांना दर कमी मिळतो. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडल्यावर समोर दिसणाऱ्या काउंटरवर बदलू नका. लिफ्टने तळघरात जा. तिथे एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाजवळ जी काउंटर आहेत, त्यांचा दर बराच बरा असतो.

त्याच विमानतळावर टॅक्सीसाठी पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी घ्या. मीटरच्या भाड्यावर 50 बाट विमानतळाचा अधिभार आणि टोल आपल्याकडे, हे रीतसर आहे, त्यावरून वाद घालू नका. ड्रायव्हर ठोक रक्कम सांगायला लागला तर मात्र 'मीटर' एवढा एकच शब्द.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे आणि ते पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. सरकारी साइटवर, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, तिघांचेही भरा.

हॉटेलांच्या मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं (++) दिसली तर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर 7 टक्के व्हॅट लागणार असं समजा. 1,000 चं जेवण 1,177 ला पडतं. रस्त्याकडेच्या गाड्यांवर ही भानगड नाही, आणि चवही तिथेच जास्त.

क्राबीहून फी फी बेटांची सहल घ्याल तेव्हा आधीच विचारा: राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क धरलंय का? परदेशी प्रौढाला ते माणशी 400 बाट आहे, आणि स्वस्त दिसणाऱ्या सहलींत बहुधा धरलेलं नसतं. बोटीत बसल्यावर तिघांचे 1,200 मागितले तर उतरणार कुठे?

राहिलं बँकॉक-क्राबी विमान. तिकिटात सामान आहे का बघा. नसेल तर ऑनलाइन आधीच घ्या, काउंटरवर ते महाग पडतं. आणि आईने दिलेल्या दशम्या-लाडवांसकट बॅगेचं वजन घरीच करा. आमची बॅग जाताना सव्वादोन किलो जास्त भरली होती, त्यातला किलोभर नुसता चिवडा.